मुलांच्या चित्रपटांतला काळोख

१९३८ साली लंडनच्या सेन्सॉर मंडळापुढे एक चमत्कारिक पेच उभा राहिला. अमेरिकेतून एक चित्रपट आला होता. त्यात एकही जिवंत नट नव्हता. सगळी चित्रे हाताने काढलेली आणि रंगवलेली. कथा म्हणाल तर युरोपातल्या मुलांना पाळण्यापासून ठाऊक असलेली. वॉल्ट डिस्ने यांचा ‘स्नो व्हाइट अँड द सेव्हन ड्वार्फ्स’ हा तो चित्रपट. आपल्याकडची मुले जिला हिमगौरी म्हणतात तिचीच ही गोष्ट. पण हा चित्रपट पाहिल्यावर मंडळाने त्याला ‘यू’ म्हणजे सर्वांना खुला असा दाखला दिला नाही. ‘ए’ दाखला दिला. त्याचा अर्थ असा, की सोळा वर्षांखालच्या मुलाने हा चित्रपट पाहावयाचा तर बरोबर आईबाप किंवा पालक हवा. मुलांचा म्हणून जगभर गाजत असलेला चित्रपट, आणि दारात अडवायचे ते मुलांनाच! लोकांना हे पटले नाही. तिकडे चित्रपट दाखवू द्यावयाचा की नाही हे ठरविण्याचा खरा अधिकार गावोगावच्या स्थानिक समित्यांकडे असे. त्यांपैकी कित्येकांनी मंडळाचा निर्णय बाजूला सारला आणि मुलांना दार उघडून दिले.

मुलांसाठी काढलेल्या कार्टून चित्रपटांत भीती, क्रौर्य, मृत्यू या गोष्टी असाव्यात की नसाव्यात, असल्या तर किती असाव्यात, हा वाद तेव्हापासून आजतागायत चालू आहे. इतिहासाचा शिक्षक या नात्याने मला त्यात एक गोष्ट पुन्हापुन्हा दिसते. दर पिढीतली मोठी माणसे या प्रश्नाकडे कात्री घेऊन धावली आहेत, आणि पुष्कळदा ती कात्री चालली आहे भलत्याच जागी. असे का झाले, ते या भाषणात पाहू.

पहिली गोष्ट ही, की हा काळोख चित्रपटवाल्यांनी आणलेला नाही. तो कथेतच होता. याकोब आणि विल्हेल्म ग्रिम या जर्मन बंधूंनी १८१२ साली आपल्या लोककथांचा पहिला खंड छापला. त्यात हिमगौरीच्या जिवावर उठलेली राणी ही तिची सावत्र आई नाही; सख्खी आई आहे. मुले खाटीक-खाटीक खेळता खेळता एकमेकांचा जीव घेतात, अशीही एक कथा त्या खंडात होती. पुढे १८१९ साली दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा ही खाटकाची कथा गाळण्यात आली आणि हिमगौरीची आई सावत्र झाली. मात्र राणीला शेवटी तापवून लाल केलेले लोखंडी जोडे घालून मरेपर्यंत नाचावे लागते, हा शेवट तसाच ठेवला. म्हणजे पाहा, कात्री लावण्याचे काम चित्रपट जन्माला येण्याच्या पुष्कळ आधीच सुरू झाले होते. आणि ती पहिली कात्री बरीच जाणती होती. ज्या कल्पनेने मुलाच्या पायांखालची जमीनच सरकावी, आईच वैरीण व्हावी, ती कल्पना तिने काढली. दुष्टाला मिळणारी शिक्षा मात्र काढली नाही.

आपल्याकडे तरी काय वेगळे आहे? पूतना बाळाला विष पाजायला येते, बकासुराला रोज गाडाभर अन्नाबरोबर एक माणूस लागतो, आणि ज्याला पुरते बोलताही येत नाही अशा पोराला भरवता भरवता आपण काऊचे पोळणे रंगवून सांगतो. मूल घाबरते. आजीला जरा अधिक चिकटून बसते. आणि दुसऱ्या दिवशी तीच गोष्ट पुन्हा सांग म्हणून हट्ट धरते. हे आजीला चिकटून बसणे लक्षात ठेवा. त्याच्याकडे मी शेवटी परत येणार आहे.

आता चित्रपटांकडे वळू. आरंभीची कार्टूने केवळ मुलांसाठी नव्हतीच. मुख्य बोलपटाच्या आधी सहा-सात मिनिटे मोठ्या माणसांना हसविण्यासाठी ती दाखवीत. त्यामुळे त्यांत भुते, सांगाडे, स्मशाने यांची रेलचेल असे. डिस्ने यांनी १९२९ साली ‘सिली सिम्फनी’ नावाची मालिका सुरू केली, तिचे पहिलेच चित्र ‘द स्केलेटन डान्स’, म्हणजे रात्री थडग्यांतून उठून नाचणाऱ्या सांगाड्यांचे. न्यूयॉर्कच्या फ्लायशर बंधूंची तर गोष्टच निराळी. त्यांची बेटी बूप ही नायिका मोठ्यांच्याच करमणुकीची. १९३३ साली त्यांनीही एक ‘स्नो-व्हाइट’ काढला. त्यात एका गूढ गुहेतून प्रेतयात्रा जाते, विदूषकाचे भूत होते आणि ते कॅब कॅलोवे या निग्रो गायकाच्या आवाजात मृत्यूचे गाणे गाते. पुढे १९३४ पासून हॉलिवुडमध्ये चित्रपटांची आचारसंहिता कडकपणे लागू झाली. बेटीच्या झग्याची लांबी वाढली, तिची भुते गेली आणि ती एक सालस गृहिणी होऊन बसली. पुढे तिची लोकप्रियताही ओसरली.

याच सुमारास अमेरिकेत आणखी एक वारे वाहत होते. चित्रपटांचा मुलांवर काय परिणाम होतो हे शास्त्रीय रीतीने पाहावे म्हणून पेन फंड या निधीच्या पैशांतून १९२९ पासून मोठे संशोधन झाले आणि १९३३ पासून त्याची पुस्तके बाहेर पडू लागली. त्यातला एक प्रयोग ऐकण्यासारखा आहे. ओहायो राज्यातल्या एका बालसंस्थेत मुलांच्या खाटांना यंत्रे जोडली आणि मूल रात्री किती वेळा कूस बदलते याची नोंद केली. चित्रपट पाहून आलेल्या मुलांची झोप अनेकदा चाळवते असे आढळले. एवढे ऐकल्यावर पालक घाबरले नसते तरच नवल. इंग्लंडमध्येही भयपटांना घाबरून मंडळाने १९३७ साली ‘एच’ नावाचा वेगळा दाखला सुरू केला होता. हिमगौरी लंडनला पोचली ती ही अशी हवा असताना.

त्या चित्रपटात इतके भिण्यासारखे होते तरी काय? दोन जागा विशेष. पहिली, हिमगौरी रानातून पळते ती. झाडांच्या फांद्यांचे हात होतात, ओंडक्यांच्या मगरी होतात, अंधारातून चहूबाजूंनी डोळे रोखलेले दिसतात. ती पळून पळून अखेर जमिनीवर कोसळते आणि रडू लागते. मग हळूहळू उजाडते आणि कळते, की ते डोळे सशांचे, हरणांचे आणि पाखरांचे होते. तीही बिचारी घाबरलेली असतात. परीक्षकांच्या डोळ्यांपुढे राहिले ते नुसते रान. पण हे दृश्य पूर्ण पाहिले तर त्यात भीती कशी वाढते आणि कशी उतरते याचा सबंध पाठच आहे. दुसरी जागा राणीच्या रूपांतराची. देखणी राणी औषध पिते, तिचे केस पांढरे होतात, हातांच्या काड्या होतात आणि क्षणात समोर चामखीळवाली चेटकीण उभी राहते. शेवटी कड्यावर वीज पडते, ती खाली कोसळते आणि दोन गिधाडे घिरट्या घालीत खाली उतरतात. लाल लोखंडी जोडे डिस्ने यांनी घेतले नाहीत. मृत्यूही दाखवला नाही. गिधाडे मात्र दाखवली.

‘स्नो व्हाइट’ २१ डिसेंबर १९३७ रोजी लॉस एंजेलिसमध्ये प्रथम झळकला. त्याला सुमारे पंधरा लक्ष डॉलर खर्च आला होता आणि हॉलिवुडातले जाणते त्याला ‘डिस्नेचा खुळेपणा’ म्हणत होते. पण चित्रपट तुफान चालला, आणि त्या यशाच्या बळावर डिस्ने यांनी पुढच्या पाच वर्षांत जे चार-पाच चित्रपट काढले, त्यांच्याइतका काळोख त्यांनी पुन्हा कधी दाखवला नाही. १९४० च्या ‘पिनोकिओ’त मौजेच्या बेटावर नेलेल्या व्रात्य मुलांची गाढवे होतात. पिनोकिओचा सोबती हसता हसता खिंकाळू लागतो, आईच्या नावाने हाका मारतो आणि त्या हाकांचेही खिंकाळणे होते. विशेष असे, की पिनोकिओ सुटतो, पण बाकीच्या मुलांचे पुढे काय झाले ते चित्रपट सांगतच नाही. त्यांना पकडून नेणारा गाडीवान शिक्षेवाचून मोकळा राहतो. मूळ इटालियन कथा याहून कठोर होती. कार्लो कोल्लोदी यांनी १८८१ साली ती एका बालपत्रातून लिहावयास घेतली तेव्हा पंधराव्या प्रकरणात त्यांनी पिनोकिओला झाडाला फाशी देऊन गोष्ट संपवून टाकली होती. वाचकांनी धरणेच धरले म्हणून ती पुढे चालू झाली. त्याच १९४० साली ‘फँटेशिया’ आला. त्यात डोंगराच्या शिखरावर पंख उभारणारा काळा दैत्य आहे, आणि पहाटेच्या घंटा वाजताच तो पंख मिटून पुन्हा डोंगर होतो. १९४१ च्या ‘डंबो’त हत्तिणीला साखळदंड घालून पिलापासून तोडतात.

पण या सगळ्यांत ज्या चित्रपटाने मुलांना सर्वांत जास्त रडवले तो १९४२ चा ‘बँबी’. व्हिएन्नाचे लेखक फेलिक्स झाल्टेन यांची ही कादंबरी १९२३ साली निघाली. ती लिहिली होती मोठ्यांसाठी. झाल्टेन ज्यू होते. नाझी राजवटीत त्यांच्या पुस्तकांवर बंदी आली आणि ऑस्ट्रिया हिटलरच्या ताब्यात गेल्यावर ते स्वित्झर्लंडला निघून गेले. माणसाच्या बंदुकीपुढे रानातल्या जिवाची काय गत होते ती या कथेत आहे. चित्रपटात मात्र माणूस एकदाही दिसत नाही. हिवाळा सरत आलेला असतो, बर्फातून पहिले गवत डोकावते. आई आणि पाडस ते खात असतात. एकाएकी आई मान वर करते आणि पाडसाला पळायला सांगते. पुढे पाडस, मागे आई. मग एक बार होतो. पाडस धावत धावत झाडीत पोचते, आपण वाचलो म्हणून आनंदाने मागे वळते आणि मागे कोणीच नसते. बर्फ पडू लागते. ते हाका मारीत फिरते. अखेर धुक्यातून त्याचा बाप पुढे येतो, आई आता येणार नाही एवढेच सांगतो आणि त्याला घेऊन जातो.

नीट पाहा, की यात सेन्सॉरने कापावे असे एकही चित्र नाही. रक्ताचा थेंब नाही, प्रेत नाही, राक्षस नाही. आहे तो एक आवाज आणि एक रिकामी जागा. तरी गेली ऐंशी वर्षे मोठमोठी माणसे सांगत आली आहेत, की लहानपणी चित्रपटगृहात आपण पहिल्यांदा मोठ्याने रडलो ते या ठिकाणी. त्या वेळी तक्रार केली ती मात्र शिकाऱ्यांनी! अमेरिकेतल्या एका शिकारविषयक मासिकाच्या संपादकांना हा शिकाऱ्यांचा अपमान वाटला. मुलांचे काय झाले याची विचारपूस फारशी कोणी केली नाही. कारण चित्रांत भयंकर असे काही दिसतच नव्हते. मोठी माणसे भीती मोजतात ती डोळ्यांनी दिसणाऱ्या वस्तूंवरून. मूल भिते ते पुष्कळदा न दिसणाऱ्या गोष्टीला.

युद्धानंतर बराच काळ या चित्रपटांतला काळोख फिका झाला. मधूनच १९५९ च्या ‘स्लीपिंग ब्यूटी’त चेटकिणीचा काळा अजगर होऊन ज्वाळा फेकतो, पण तेवढेच. साठीच्या दशकात कार्टून चित्रपटगृहातून उठून दूरदर्शनच्या पडद्यावर गेले. १९६८ साली मॅसॅच्युसेट्समधल्या काही आयांनी एक संघटना काढली आणि मुलांच्या कार्यक्रमांतल्या मारामाऱ्या नि जाहिराती यांविरुद्ध आवाज उठवला. त्या चळवळीचे हेतू प्रामाणिक होते आणि तिने काही चांगली कामेही केली. पण पुढच्या काळात शनिवार सकाळची अमेरिकन कार्टूने इतकी गुळमुळीत झाली, की त्यांत कोणाला काही होईल अशी धास्तीच उरली नाही.

मग १९७८ साली इंग्लंडात जणू उलट टोक गाठले गेले. रिचर्ड ॲडम्स यांच्या १९७२ सालच्या कादंबरीवरून मार्टिन रोझेन यांनी ‘वॉटरशिप डाउन’ हा चित्रपट काढला. कथा सशांची. आपली वसाहत उद्ध्वस्त होणार हे एका सशाला आधीच जाणवते आणि मूठभर ससे नवे घर शोधायला निघतात. ससे म्हटल्यावर आईबाप निश्चिंत झाले. पण या चित्रपटातले ससे फाशात अडकून गळ्यातून रक्त ओकतात, बिळे बुजवल्यावर आत गुदमरतात, एकमेकांचे कान फाडतात. आणि गंमत पाहा, ज्या मंडळाने चाळीस वर्षांपूर्वी हिमगौरीला अडवले होते, त्याच मंडळाने या चित्रपटाला ‘यू’ दिला! परीक्षकांचे म्हणणे असे, की चित्रपट चालू असेतोवर मुलांचे मन हेलावेल, पण प्रयोग संपला की तो अंमलही उतरेल. तो उतरला नाही असे सांगणारी पत्रे मंडळाकडे पुढे कित्येक वर्षे येत राहिली. २०१६ साली एका ब्रिटिश वाहिनीने ईस्टरच्या रविवारी दुपारी तो दाखवला तेव्हा पुन्हा गहजब झाला. अखेर २०२२ साली मंडळाने त्याचा दाखला बदलून ‘पीजी’, म्हणजे पालकांनी पाहून ठरवावे असा केला. चव्वेचाळीस वर्षांनी ‘पालक’ हा शब्द पुन्हा दाखल्यावर आला.

मात्र या चित्रपटाच्या शेवटाबद्दल कोणी फारसे बोलत नाही. म्हातारा झालेला नायक ससा उन्हात पहुडलेला असतो. जो काळा ससा म्हणजे त्यांचा यमदूत, तो त्याला न्यायला येतो, आणि तो भांडण न करता देह ठेवून उठून जातो. खाली टेकडीवर नवी पिले बागडत असतात. सशाच्या आयुष्यात एवढे रक्त सांडल्यावर मरण इतके शांतही असू शकते, हे मुलाला सांगणारा तो भाग आहे. पण ज्याने घाबरून मध्येच डोळे मिटले किंवा ज्याला उचलून बाहेर नेले, त्याच्या वाट्याला भीती आली आणि शेवट राहून गेला.

अमेरिकेत या काळात कात्री कशी चालली याची दोन उदाहरणे एकाशेजारी एक ठेवण्यासारखी आहेत. १९८५ चा डिस्ने कंपनीचा ‘द ब्लॅक कॉल्ड्रन’. कढईतून मेलेल्यांची सेना उठते असा त्यातला मुख्य प्रसंग. तयार चित्रपट नमुन्यादाखल दाखवला तेव्हा मुले भ्यायली म्हणून नवे अधिकारी जेफ्री कॅट्झेनबर्ग यांनी त्यातली सुमारे बारा मिनिटे कापवली. चार कोटी चाळीस लक्ष डॉलर खर्चून केलेल्या त्या चित्रपटाला अमेरिकेत त्याच्या निम्मेही मिळाले नाहीत. कापल्यामुळे तो सौम्य झाला असेही नाही. मेलेले उठतातच, फक्त प्रसंग तुटक वाटतात. दुसरे उदाहरण १९८८ च्या ‘द लँड बिफोर टाइम’चे. दिग्दर्शक डॉन ब्लुथ हे १९७९ साली डिस्ने सोडून बाहेर पडलेले, आणि मुलांना भीती दाखविण्यास न कचरणारे गृहस्थ. त्यांच्या या चित्रपटातूनही निर्मात्यांनी सुमारे दहा मिनिटे काढवली. पण डायनोसॉरच्या पिलाची आई मरते हा प्रसंग ठेवला, आणि त्याच्यापुढे एक लहानसे दृश्य आहे. दुःखाने मुका झालेल्या त्या पिलाला एक अनोळखी म्हातारा डायनोसॉर भेटतो. तो आधी वैतागतो, मग त्याची कथा ऐकतो आणि आईची उणीव लगेच भरून येत नाही, पण तिने शिकवलेले बरोबर राहते, अशा अर्थाचे चार शब्द बोलतो. एका चित्रपटाने भीतीला कात्री लावली. दुसऱ्याने दुःखाजवळ एक वडीलधारे माणूस आणून बसवले. मुलांच्या लक्षात राहिला तो दुसरा. १९९४ च्या ‘लायन किंग’मध्ये तर बाप पोराच्या डोळ्यांदेखत मरतो आणि ते पोर त्याच्या निर्जीव पंजाखाली शिरून निजते. बँबीत जे दाखवले नव्हते ते येथे दाखवले. मुलांनी तेही सोसले.

हे सारे झाले कल्पनेतल्या काळोखाचे. पण ज्यांनी लहानपणी खरा काळोख पाहिला, त्यांनी कार्टून काढले तर? १९८८ च्या एप्रिलात जपानमध्ये इसाओ ताकाहाता यांचा ‘काजव्यांचे थडगे’ हा चित्रपट आला. महायुद्धाच्या अखेरीस कोबे शहरावर आगीचे बाँब पडतात, आई जाते आणि चौदा वर्षांचा भाऊ चार वर्षांच्या बहिणीला घेऊन एका ओसाड आश्रयाला राहतो. गोळ्यांचा एक डबा, रात्री पकडलेले काजवे आणि हळूहळू चढत जाणारी उपासमार, एवढीच कथा. भाऊ मरण पावतो हे पहिल्याच दृश्यात सांगून टाकलेले असते. मूळ कथा लिहिणारे अकियुकी नोसाका यांची स्वतःची धाकटी बहीण युद्धकाळात उपासमारीने दगावली होती. ताकाहाता हे नऊ वर्षांचे असताना २९ जून १९४५ च्या हल्ल्यात ओकायामा शहरातून जळत्या रस्त्यांवरून पळाले होते. या चित्रपटात शेवट गोड नाही आणि चेटकीणही नाही. तरी तो मुलांपासून लपवला नाही. त्याच्या जोडीला त्याच खेळात मियाझाकी यांचा ‘माझा शेजारी तोतोरो’ हा आनंदी चित्रपट दाखवीत असत. त्यातही दोन बहिणी आहेत आणि त्यांची आई इस्पितळात आहे. पण ती बरी होते. एका बैठकीत दोन्ही पाहणाऱ्या जपानी मुलांच्या मनाची काय अवस्था झाली असेल याची कल्पना करवत नाही. पण आपल्या आजीआजोबांवर काय गुजरले हे मुलांना कधीतरी कळलेच पाहिजे, आणि ते कोणीतरी मायेने सांगितले पाहिजे, ही त्यामागची निष्ठा मात्र उघड दिसते.

आता कोणी विचारील, हे सगळे ठीक, पण मूल भिते कशाला आणि कशाने सावरते हे कोणी तपासले आहे की नाही? तपासले आहे. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात जोॲन कॅन्टर या प्राध्यापिकेने १९८० नंतर यावर पुष्कळ प्रयोग केले. एका प्रयोगात एका बाईची गोष्ट मुलांना दाखवली. काही मुलांना ती बाई दिसायला गोड आणि काहींना कुरूप दाखवली. वागणेही कधी दयाळू, कधी निर्दय. तीन ते पाच वर्षांच्या मुलांनी तिची पारख केली ती मुख्यतः रूपावरून. नऊ-दहा वर्षांच्या मुलांनी पाहिले ते तिचे वागणे. म्हणजे हिमगौरीची देखणी राणी, जी खरी खुनशी, तिला चिमुरडी मुले भीत नाहीत. ती चेटकीण झाली की किंचाळतात. उलट सात-आठ वर्षांपुढच्या मुलाला चेटकिणीचे हसू येते, पण आई मरणे, घर जळणे, हरवणे ही जी खरीच घडू शकतील अशी संकटे, ती त्याला रात्री जागवतात. बँबीचा बार त्याच्या कानांत घुमतो. एकाच चित्रपटगृहात शेजारीशेजारी बसलेली दोन भावंडे दोन निराळ्या गोष्टींना भीत असतात. मग कात्री चालवायची ती कोणासाठी?

याच अभ्यासातून आणखी एक उपयोगी गोष्ट निघाली. लहानग्याला ‘अरे, हे खोटं आहे’ असे सांगून त्याची भीती जात नाही. त्याला हात धरावा लागतो, कुशीत घ्यावे लागते. मोठ्या मुलाला समजावून सांगितलेले उपयोगी पडते. दोहोंनाही शेजारी माणूस लागतो.

आणि मृत्यूपासून मुलांना दूर ठेवतो अशी आपली समजूत असेल, तर २०१४ सालची एक पाहणी पाहण्यासारखी आहे. इयन कोलमन आणि जेम्स कर्कब्राइड या दोघा संशोधकांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’च्या नाताळ अंकात ती छापली. १९३७ च्या हिमगौरीपासून २०१३ च्या ‘फ्रोझन’पर्यंतचे सर्वाधिक चाललेले ४५ बालचित्रपट त्यांनी घेतले आणि मोठ्यांच्या ९० चित्रपटांशी त्यांची तुलना केली. दोन-तृतीयांश बालचित्रपटांत महत्त्वाचे पात्र पडद्यावर मरते. मोठ्यांच्या चित्रपटांत हे प्रमाण निम्मे. नायकाचे आईबाप मरण्याचा धोका तर बालचित्रपटांत पाच पट! त्या अंकात शास्त्रज्ञ जरा गमतीचा सूर लावतात, पण मोजदाद खरी आहे. तिचे तात्पर्य त्यांनीही हेच सांगितले, की मुलांबरोबर बसून पाहावे.

तर पुन्हा १९३८ च्या त्या ‘ए’ दाखल्याकडे येऊ. त्या निर्णयाला तेव्हा लोक हसले आणि पुष्कळ ठिकाणी तो फिरवलाही गेला. मंडळाने रानाला भिऊन तो दिला होता, ही त्याची चूक खरी. पण त्याची अट काय होती पाहा. चित्रपट बंद करा असे त्याने म्हटले नव्हते. मुलाशेजारच्या खुर्चीत घरचे मोठे माणूस असावे, एवढेच त्याचे मागणे. शंभर वर्षे चाललेल्या या कापाकापीत मुलांच्या खऱ्या उपयोगी पडेल अशी सूचना मला ही एवढीच दिसते, आणि ती अजाणता केली गेली!

आज चित्रपटगृहाचे दार राहिलेले नाही. ते दार आता मुलाच्या हातातल्या फोनमध्ये आहे आणि तेथे उभा राहून कोणी दाखला तपासत नाही. २०१७ साली असे उघडकीस आले, की यूट्यूबवर मुलांच्या ओळखीची कार्टून पात्रे घेऊन त्यांना मारहाण, सुया टोचणे, पुरणे अशा विकृत चित्रफितींचा सुळसुळाट झाला आहे आणि त्यांतल्या काही मुलांसाठी राखलेल्या विभागातही शिरल्या आहेत. कंपनीने त्या काढण्याचे उपाय जाहीर केले. पण या चित्रफितींत आणि हिमगौरीच्या रानात फरक कोणता, हे आईबापांनी समजून घेतले पाहिजे. रानात पळणारी मुलगी उजाडेपर्यंत आपल्याला बरोबर नेते. या चित्रफितींना सकाळ नाहीच. त्या भीती दाखवतात आणि तेथेच सोडून पुढची चित्रफीत लावतात. त्यात भर अशी, की मूल त्या पाहते ते कोपऱ्यात, एकटे, आणि घरातले मोठे माणूस शेजारच्या खोलीत आपल्या फोनमध्ये असते.

म्हणून मुलाने चेटकीण पाहू नये असे मी म्हणणार नाही. पाहू द्यावी. बँबीही पाहू द्यावा, जरा मोठे झाल्यावर ते काजवेही पाहू द्यावेत. फक्त त्या वेळी आपण उठून चहा टाकायला जाऊ नये. आई कुठे गेली असे मूल विचारील. त्याला उत्तर द्यावे लागेल, आणि पुष्कळदा ते आपल्यालाही नीट येणार नाही. तरी तेथे बसून राहावे. मूल घाबरले की त्याला चिकटायला काहीतरी लागते, आणि ते काम पडद्याकडून होत नाही.